ठमीचं बाशिंग

१

सकाळी सकुबाईने चहा उतरवला की फोन वाजायचा. पलीकडे अनिल, तिचा एकुलता मुलगा. भिवंडीला एका गोदामात कामाला होता आणि तिथेच खोली घेऊन राहत होता. गुडघा कसा आहे, बाबा जेवतात का, असलं काही तो कधी विचारायचा नाही.

"झाडाला पानी घातलं?"

"घातलं."

"बरं." आणि फोन बंद.

किन्हवलीच्या बाजारात बायका म्हणत, "सकुबाय, नशीबवान गो तू. आमची पोरं सणावाराला आठवण काढतात, तुझा रोज फोन करतो." सकुबाई हसून मान हलवी. मनात म्हणे, न्या हे नशीब तुमच्या घरी, वर नारळ देते.

झाड म्हणजे बाशिंग. पावसाळ्यात आंब्याच्या फांद्यांना बाहेरून चिकटून वाढतं ते, मातीशी ज्याचं काही देणंघेणं नाही. पान लग्नातल्या बाशिंगासारखं कातरलेलं, म्हणून हे नाव. वर अशी लांब हिरवी पानं, आणि बुडाशी तपकिरी, वाळक्या पत्रावळीसारखी एकावर एक बसलेली. ही तपकिरी पानं जन्मभर वाळकीच दिसतात, पण गळत नाहीत. सकुबाईच्या सुनेने, ठमीने, टोकावड्यापुढच्या माहेराहून ते आणलं होतं. एका फळीवर काथ्याने बांधून मागच्या पडवीत खुंटीला टांगलं होतं.

त्याला वरून पाणी ओतून भागत नाही. फळी खाली काढायची, बालदीत बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत दाबून धरायची आणि परत टांगायची. मग दुपारपर्यंत ते लादीवर थेंब थेंब गळत राहतं. वैशाखात रानातली बाशिंगं वाळून कोळ होतात. हे मात्र बारमाही हिरवं होतं, कारण ठमी गेल्यावर अनिलने घर सोडताना आईला एवढंच सांगितलं होतं, "याला मरू देऊ नको."

ठमी बाळंतीण असताना गेली. बाळंतपण नीट झालं होतं, तेही मुरबाडच्या दवाखान्यात. घरी आली आणि सकुबाईच्या हाती लागली. भर मे महिना, खाटेखाली शेगडी, खिडकीला गोणपाट. आणि पाणी? बाळंतिणीने पाणी प्यायलं की पोट सुटतं, अंगाला सूज येते, हे सकुबाईला तिच्या सासूने शिकवलेलं. उकळून निवलेलं पाणी, तेही पळीने, सकुबाई मनात येईल तेव्हा. ठमीला ताप चढला. ओठ फुटले. पोरगी पाणी पाणी करत होती आणि सकुबाई म्हणत होती, बायका अशाच करतात, मी नाही का निघाले यातून. अनिल दारात उभा असायचा. आईच्या शब्दाबाहेर जाणारा तो नव्हता. परत दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिच्या तान्ह्या मुलीला ठमीची आई ताराबाई घेऊन गेली. जाताना ती सकुबाईशी एक शब्द बोलली नाही. सकुबाईला ते बरं वाटलं. मात्र तेव्हापासून बाशिंग बालदीत दाबून धरताना ती मान दुसरीकडे वळवायची. बुडबुड्यांचा आवाज तिला आवडत नसे.

२

यंदाच्या मे महिन्यात सकुबाईची लेक हर्षाली बाळंतपणाला माहेरी आली.

हर्षाली म्हणजे सकुबाईचा जीव की प्राण. अनिलनंतर दोन मुलं पोटातच गेली होती, मग नवससायास करून ही झाली. तिला ठेच लागली तर सकुबाईने दगडाला शिव्या घातल्या असत्या. शहापूरच्या दवाखान्यात मुलगा झाला. नर्सबाईंनी निघताना बजावलं, "आजी, पाणी भरपूर द्या. दूध त्यानेच येतं."

आणि बघा गंमत, सकुबाईने निमूट ऐकलं! शेगडी माळ्यावरच राहिली. खिडकी उघडी, डोक्यावर पंखा, उशाशी नवा माठ, त्यावर तांब्या. सासूने काय शिकवलं होतं ते तिला आठवलंही नाही. शेजारची बारकूची बायको डिंकाचे लाडू घेऊन आली, तिने माठाकडे बघितलं आणि लाडू खाली ठेवता ठेवता म्हणाली, "लेकीला माठ, नि सुनेला पळी. चाललंय."

सकुबाईचं तोंड कडू झालं. पण लेक ती लेक आणि सून ती सून, हे काही तिने एकटीने ठरवलेलं नव्हतं.

गावात टँकर दिवसाआड यायचा. आधीच उल्हास, त्यात बाळाची लंगोटं, दुपटी आणि पाहुणे. बालदीभर पाणी झाड भिजवायला कुठून आणायचं? सकुबाईने बाशिंगाला हात लावायचा सोडला. सकाळी फोन आला की म्हणायची, "घातलं."

"बरं," अनिल म्हणायचा.

मेलं तर मेलं, तिला वाटायचं. माझ्या लेकीच्या तोंडचं पाणी मी मेलेल्या बाईच्या झाडाला घालणार नाही. हे वाटताना तिला बरंही वाटलं. चार उन्हाळे त्या फळीसमोर वाकून तिची कंबर दुखत होती.

३

हर्षाली पाणी पीत होती. तांब्यावर तांब्या घटाघटा पीत होती. तरी तिचे ओठ कोरडे.

"आये, पानी दे गो."

"आत्ता तर दिलं."

"परत दे. घशापत्तुर जातंय नि नायसं होतंय."

सकुबाईने दिलं. हर्षाली प्यायली, ओठांवरून जीभ फिरवली, आणि ती जीभ सकुबाईला दिसली. पोपटाची असावी तशी, जाड आणि कोरडी. दूध आलं नव्हतं. बाळ ओढून ओढून रडत होतं. उन्हाळाच तसा आहे, सकुबाईने स्वतःला समजावलं. पंख्याने घसा सुकतो. कोणाकोणाला दूध उशिराही येतं.

ती लंगोटं वाळत घालायला मागच्या पडवीत गेली आणि तिचा पाय घसरला.

लादी ओली होती. बाशिंगाच्या बरोबर खाली. वर बघितलं तर पानांच्या टोकाला थेंब लोंबत होता. तो पडला. दुसरा धरला.

"अवो," तिने नवऱ्याला हाक मारली. गणू पुढच्या ओट्यावर दोरी वळत बसला होता. "झाडाला पानी घातलंत काय?"

"मी कशाला घालू? मला काय फोन येतो?"

"मग हे गळतंय कसं?"

गणू आला. वर कौलांकडे बघितलं, खाली लादीकडे बघितलं. "उंदीर मुतला असंल," म्हणाला आणि परत दोरीकडे गेला. गणूचं हे नेहमीचंच. घराला आग लागली असती तरी तो म्हणाला असता, कोणीतरी विडी टाकली असंल.

सकुबाईने फडकं घेऊन लादी पुसली. फडकं पिळलं तर पाणी स्वच्छ निघालं. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण पाल काय, उन्हाळ्यात घरोघर असते.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ठरवूनच बघितलं. गणूला म्हणाली, "तुमी आत बसा. हर्षालीनं पानी मागितलं का द्या." आणि स्वतः पडवीत बाशिंगासमोर उभी राहिली.

ऊन कडक होतं. दोरीवरची लंगोटं सरळ खाली लोंबत होती, वारा नावाला नव्हता. आत बाळ झोपलेलं. पडवीत इतकी शांतता होती की भिंतीतला मुंगळाही ऐकू आला असता.

"बाबा, पानी."

माठाचं झाकण वाजलं. तांब्या बुडाला. मग हर्षाली प्यायला लागली. घट. घट. घट.

समोर बाशिंगाच्या बुडाशी असलेली तपकिरी पानं हलली. वाऱ्याने हलावीत तशी नव्हे. एकावर एक बसलेली ती वाळकी पानं मधोमध फुगली आणि खाली बसली. परत फुगली, परत बसली. आतल्या प्रत्येक घोटाबरोबर एकदा. माणूस पाणी पिताना गळ्याची घाटी वरखाली होते ना, अगदी तसं.

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. पानं निवांत झाली. मग एक थेंब लादीवर पडला, त्याच्यामागे दुसरा, आणि मग थेंबांची रांगच लागली.

"आये," आतून हर्षालीचा आवाज आला, फुटक्या बांबूतून यावा तसा. "बाबांनी पानी दिलंच नाय गो."

"दिलं की!" गणू ओरडला. "अख्खा तांब्या प्यायलीस!"

सकुबाई भिंतीला टेकली. डोळे म्हातारे झाले, ती म्हणाली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण भिंत सोडायचं धाडस तिला होईना. आणि त्या भीतीच्या तळाशी तिला राग आला, असा राग की दातांवर दात घासले गेले. माझ्याशी वैर आहे ना? मग माझ्याशी कर! माझ्या पोरीच्या घशात हात घालतेस, सटवे?

५

तिने फळी खुंटीवरून ओढून काढली. ती जड होती, नुकती बालदीतून काढावी तशी. परसदारी कातळ होता, उन्हाने नुसता तापलेला. सकुबाईने बाशिंग त्यावर उताणं आपटलं.

"पी आता," ती म्हणाली. "ऊन पी."

हिरवी पानं बघता बघता लवली. कडा आत वळल्या. सकुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटत होतं.

तेवढ्यात गणू परसात धावत आला. गणू धावलेला तिने कधी बघितला नव्हता.

"आत ये. पोरगी कशी करते बघ."

हर्षाली खाटेवर ताठ पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं. हाताची कातडी सकुबाईने चिमटीत धरली ती तशीच उभी राहिली. हर्षालीच्या बोटांची टोकं आत वळत चालली होती.

सकुबाई उलट्या पावली कातळाकडे पळाली. तिने बाशिंग उचललं, पोटाशी धरलं, पडवीत आणून खुंटीला टांगलं. हात भाजले ते तिला कळलंही नाही. परत खोलीत आली तेव्हा हर्षालीची बोटं सैल झाली होती. डोळे मात्र उघडत नव्हते.

गणूने बारकूची रिक्षा बोलावली. जावयाला फोन केला, तो आणि त्याची आई परस्पर शहापूरला येऊन बाळाला बघणार होते. हर्षालीला उचलून ठेवलं, बाळाला गणूने घेतलं. रिक्षात जागा होती, तरी सकुबाई चढली नाही.

"अगो, चल ना!"

"तुमी व्हा पुढं. मला इथं काम हाय."

गणू तिच्याकडे बघतच राहिला. लेकीसाठी जीव टाकणारी ही बाई, आणि आज घरात काम काढून बसते?

६

पडवीत ती एकटीच बसली. संध्याकाळच्या आत गणूचा फोन आला.

"सलाइन लावलंय. एक बाटली गेली, दुसरी चालू हाय. डॉक्टरीणबाय म्हनतात, पानी जातंय कुठं तेच कळत नाय. तिचं अंग तसंच कोरडं."

सकुबाईने फोन खाली ठेवला. समोर बाशिंग गळत होतं. घाई नाही, गडबड नाही. एक थेंब, मग थांबून दुसरा. दवाखान्यातल्या बाटलीत पडतो ना, त्याच चालीने.

आता तिला सगळं कळलं. कसं आणि का, ते नाही, ते तिला कळूनही घ्यायचं नव्हतं. लादीवर सांडतंय ते तिच्या लेकीचं पाणी आहे, एवढं मात्र कळलं. तिने धावत जाऊन तांब्या आणला आणि थेंबाखाली धरला.

रात्रभर ती तशीच बसून राहिली. उजाडता उजाडता गणू कपडे न्यायला पहिल्या एस.टी.ने आला, तेव्हा तांब्यात तळाशी घोट-दोन घोट पाणी जमलं होतं. तिने ते बाटलीत ओतलं.

"हे तिला पाजा. दुसरं कायबी देऊ नका, हे पाजा."

"याला काय झालं? दवाखान्यात काय पानी नाय?"

"तुमच्या पाया पडते. पाजा."

लग्नाला एवढी वर्षं झाली, बायको कधी कोणाच्या पाया पडेल असं गणूला वाटलं नव्हतं. तो बाटली घेऊन गेला. दहाच्या सुमारास त्याचा फोन आला, आणि तो रडत होता.

"डोळं उघडलंन गो! बाळ कुठं म्हनाली. ओठ ओलं झालं!"

सकुबाईही रडली. मग घसा सुकला म्हणून उठली, माठाकडे निघाली. माठापर्यंत पोचायच्या आत तिला जाणवलं, मागचा आवाज थांबला होता. वळून बघितलं. बाशिंगाच्या टोकाला थेंब धरलेला, तसाच लोंबत राहिलेला. पडत नव्हता.

फोन वाजला. "परत डोळं फिरवलंन! काय करू?"

ती परत येऊन खाली बसली. तांब्या पुढ्यात धरला. बराच वेळ गेला आणि मग तो थेंब पडला.

"बसते गो," सकुबाई पानांना म्हणाली. इतक्या मऊ आवाजात ती ठमीशी कधी बोलली नव्हती. "बसते हितंच. तिला सोड."

पानं काही बोलली नाहीत.

७

दुसऱ्या दिवशी ऊन टळटळत असताना दारात मोटारसायकल थांबली. अनिल आला होता.

एवढ्या दिवसांनी मुलगा घरात आला, पण सकुबाईला उठून पाणी-गूळ पुढे करता आलं नाही. तो पडवीच्या दारात उभा राहिला. आई भिंतीला पाठ टेकून बसलेली, केस सुटलेले, ओठांवर पांढरी साय आलेली, दोन्ही पायांच्या मध्ये तांब्या. त्याने तिच्याकडे बघितलं, वर बाशिंगाकडे बघितलं. काय झालं म्हणून विचारलं नाही. चेहऱ्यावर आश्चर्यही दिसलं नाही.

"दवाखान्यातून आलो," तो म्हणाला. "बाबांनी सांगितलं. आनखी पानी लागंल म्हनतात."

"कशी हाय रे?"

"बरी हाय. उठून बसली होती. बाटलीतलं संपलं का परत पडते."

"ने. हे घेऊन जा, जमलंय." सकुबाईने तांब्या उचलून त्याला दाखवला आणि परत थेंबाखाली ठेवला. एक थेंब तिने सांडू दिला नाही. "रोज ये. मी बसते. तिचं पानी तिला पोचव."

"पोचवीन," अनिल म्हणाला. सरळ, साधं. बहिणीवर त्याची माया होती.

तो दुसरा तांब्या आणायला स्वयंपाकघरात गेला. आतून माठाचं झाकण सरकल्याचा आवाज आला, तसा सकुबाईचा सगळा जीव कानात गोळा झाला. परवा दुपारपासून तिच्या पोटात घोट गेला नव्हता. जीभ टाळ्याला चिकटली होती. पुढ्यात तांब्यात पाणी जमत होतं, पण त्यातला थेंब थेंब हर्षालीचा होता. ते ती कसं पिणार?

"अन्या," तिने हाक मारली. "बाळा, माठातलं पेलाभर पानी दे रे. मला उठता येत नाय. घोटभर दे."

"देतो की."

त्याने पेला भरला. गार पाण्याने पेल्याला बाहेरून घाम सुटला. तो घेऊन तो पडवीत आला, आईच्या समोर आला, वाकला. सकुबाईने दोन्ही हात पुढे केले.

"थांब जरा," अनिल म्हणाला. "विचारतो."

तो सरळ झाला. पेला तसाच हातात धरून बाशिंगाजवळ गेला आणि त्या तपकिरी पानांना कान लावला. आतल्या खोलीतून बायको काही सांगत असेल आणि नवरा दाराशी उभा राहून ऐकत असेल, तसा तो ऐकत राहिला. मध्ये एकदा हळूच "हूं" म्हणाला. मग "ती लय तहानलीय गं" असंही म्हणाला, अगदी अजिजीने, पुढे काही बोलायची हिंमत नसलेल्या माणसासारखा.

सकुबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिचे हात अजून पुढेच होते.

अनिल मागे वळला. आईच्या नजरेला नजर न देता तो आत गेला, पेल्यातलं पाणी माठात परत ओतलं आणि झाकण नीट बसवलं.

"नको म्हनते," तो म्हणाला.

मग त्याने रिकामा तांब्या तिच्या पुढ्यात थेंबाखाली ठेवला, जमलेलं पाणी बाटलीत ओतून घेतलं आणि बहिणीकडे जायला निघाला.